मुलाची असेसमेंट करायचीय? ठाणे–नवी मुंबईच्या पालकांसाठी, पहिल्या शंकेपासून प्रमाणपत्रापर्यंत

शाळेतून निरोप येतो, "एकदा असेसमेंट करून घ्या." एवढंच. मुलाच्या शिकण्याच्या, वागण्याच्या किंवा विकासाच्या अडचणींची ही तपासणी; पण कसली, कुठे, कुणाकडून, हे सांगायला कुणी नसतं. मग पालक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात, मिळेल त्या पहिल्या नंबरवर फोन लावतात आणि दोन महिन्यांनी हातात वीस पानांचा इंग्रजी रिपोर्ट येतो. त्याचं पुढे काय करायचं ते मात्र कळत नाही. दहावीच्या सवलतीसाठी हा रिपोर्ट पुरत नाही, हे तर अगदी शेवटी, फॉर्म भरायच्या वेळी समजतं. तोवर पैसे गेलेले असतात आणि मूल तीन-तीन ठिकाणी बसून वैतागलेलं असतं.

हा फेरा टाळता येतो. त्यासाठी पायऱ्या चुकवायच्या नाहीत आणि एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवायची: खासगी रिपोर्ट वेगळा आणि सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं. रिपोर्टवरून मुलाला मदत कशी करायची ते कळतं, प्रमाणपत्रावरून कायद्याने सवलत मिळते. कधी एक लागतं, कधी दोन्ही.

१. फोन लावण्याआधी प्रश्न लिहून काढा

"अभ्यासात लक्षच नाही" ही तक्रार झाली. त्यावरून कुणालाही चाचणी निवडता येत नाही. नेमकं काय होतं, कधी होतं, कुठे होत नाही, हे एका पानावर लिहा.

चौथीतल्या मुलाची शुद्धलेखनाची वही उघडून बघा. बाईंनी सांगितलेले शब्द त्याने ऐकून लिहिलेत: 'पुस्तक'चं 'पुतक', 'मोर'चं 'मार', 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात'. एक पान मागे जा. फळ्यावरून उतरवलेले हेच शब्द तिथे बरोबर आहेत, अक्षरही बरं आहे. म्हणजे हात चालतो, डोळे चालतात; ऐकलेला आवाज अक्षरात उतरवताना गाडी अडते. ही दोन पानं झेरॉक्स करून ठेवा. तज्ज्ञाला तासाभराच्या बोलण्यातून जे कळत नाही, ते या दोन पानांतून कळतं.

मराठी माध्यमाच्या मुलांबाबत दोन गोष्टींची घाई करू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकणं म्हणजे एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता) नव्हे. ते मोठ्यांचंही चुकतं. काना-मात्रा गळणं, जोडाक्षर फुटणं, अक्षरांची अदलाबदल होणं आणि तिसरी-चौथीतही एकेक अक्षर लावून वाचावं लागणं, हे सगळं एकत्र आणि सातत्याने दिसलं तर लक्ष द्या. दुसरी गोष्ट आकड्यांची. 'पंचवीस' ऐकून मुलाने ५२ लिहिलं की आई-बाबा हादरतात. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, त्यामुळे पहिली-दुसरीत ही उलटापालट पुष्कळ मुलांची होते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आणली, ती याच अडचणीपायी. चौथीनंतरही उलटापालट थांबली नाही तर मात्र ती नोंदवा.

वागण्याबद्दलची शंका असेल तर घर, शाळा, शिकवणी आणि खेळाचं मैदान असे चार रकाने पाडा. एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) निदानात लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि बारा वर्षांच्या आतली असावी लागतात. मूल फक्त शाळेतच अस्वस्थ असेल आणि मैदानावर, घरी, आजीकडे शांत असेल, तर प्रश्न शाळेतल्या एखाद्या गोष्टीचाही असू शकतो.

२. वय बघून चाचणी ठरते

तीन वर्षांच्या आत बोलणं, चालणं, नजर, हाक मारल्यावर वळून बघणं आणि बोट दाखवणं यांवरून विकास पाहतात. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी डीएएसआयआय ही भारतीय मोजपट्टी आहे. ऑटिझमच्या प्राथमिक चाळणीसाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांना एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी लावतात. यादी भरली म्हणजे निदान झालं असं नाही. पुढे जायचं की नाही, एवढंच ती सांगते.

"मुलगे उशिराच बोलतात", "त्याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते" हे घरोघरी ऐकायला मिळतं. दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा आधी येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं असेल, तर वाढदिवसाची वाट बघू नका, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही.

एलडीचं मात्र उलट आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत एलडीच्या प्रमाणपत्रासाठी आठ वर्षं पूर्ण झालेली असावी लागत (या सूचना २०२४ मध्ये सुधारल्या आहेत), कारण त्याआधी वाचन-लेखन पुरेसं शिकवूनच झालेलं नसतं. सिनियर केजीच्या मुलाला 'डिस्लेक्सिया' (वाचनातली एलडी) असा शिक्का देणाऱ्यांपासून लांब राहा. सहा-सात वर्षांच्या मुलाला अडचण दिसत असेल तर स्पेशल एज्युकेटरकडे, म्हणजे विशेष शिक्षकाकडे, उपचारात्मक अध्यापन सुरू करा आणि चाचणी तिसरीत करा.

३. कान आणि डोळे, आधी

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वगळली जाते. नेत्रतज्ज्ञांकडून नंबर तपासून घ्या. शाळेच्या शिबिरातली तपासणी पुरत नाही. कानांसाठी ऑडिओलॉजिस्टकडे जा. मोठ्या मुलांची ऑडिओमेट्री होते. सांगितल्यावर बटण न दाबणाऱ्या लहानग्यांना झोपवून बेरा ही ऐकण्याची चाचणी करतात. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठणारी मुलं वर्गात अर्धंच ऐकतात, आणि बाहेरून ते थेट 'लक्ष नसणं' दिसतं.

सोबत बालरोगतज्ज्ञांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायची गरज आहे का ते विचारा. वर्गात क्षणभर हरवल्यासारखं बघत राहणं, हातातली पेन्सिल गळून पडणं असं होत असेल तर ते मुद्दाम सांगा. ते फिटचं लक्षणही असू शकतं.

४. कुणाकडे जायचं, कुणाकडे नाही

बुद्ध्यांकाची चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने करायची असते. त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते आणि सीआरआर नंबर असतो. तो रिपोर्टवर सहीखाली हवा. आरसीआयच्या वेबसाइटवर नाव टाकून तो तपासता येतो. विचारायला संकोच करू नका, चांगले तज्ज्ञ स्वतःहून सांगतात. एलडीच्या वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या स्पेशल एज्युकेटर घेतात, त्यांचीही आरसीआय नोंदणी असते. एडीएचडीचं निदान आणि औषधं मनोविकारतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे खास बालरोगतज्ज्ञ) बघतात. शाळेतल्या काउन्सेलर ताई मुलाशी बोलू शकतात, निरीक्षण लिहून देऊ शकतात. निदान देऊ शकत नाहीत.

फोनवरच हे विचारून घ्या:

- कोणत्या चाचण्या घेणार आणि कोणत्या भाषेत?
- किती बैठका, प्रत्येक किती वेळाची?
- फीमध्ये लेखी रिपोर्ट आणि तो समजावून सांगायची बैठक धरली आहे का?
- रिपोर्ट किती दिवसांत मिळेल?
- शाळेसाठी वेगळं, छोटं पत्र देता का?

पाचपैकी पहिल्या प्रश्नाला "आमची स्वतःची टेस्ट आहे" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी डीएमआयटी अजूनही शाळांच्या पालकसभांत विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही आणि कोणत्याही बोर्डात ती चालत नाही. मोबाइलवरची 'आयक्यू टेस्ट' आणि हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणं यांचीही तीच गत.

भाषेचा मुद्दा ठाण्यात फार महत्त्वाचा आहे. घरी मराठी, शाळा इंग्रजी, खाली खेळताना हिंदी, अशी मुलं इथे निम्म्या इमारतींत आहेत. आयक्यूचे प्रश्न मुलाला सर्वांत नीट कळणाऱ्या भाषेत विचारले पाहिजेत; एलडीच्या चाचण्या शाळेच्या माध्यमात व्हायला हव्यात. इंग्रजी शब्द न कळल्यामुळे कमी आलेले गुण मुलाच्या बुद्धीचे गुण धरले गेले, तर पुढची सगळी मांडणी चुकते. परीक्षक अमराठी असतील तर हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या.

५. आपल्या भागात कुठे

सरकारी आणि पालिकेच्या सोयींपासून सुरुवात करा. खर्च केसपेपरपुरता असतो, मात्र थांबावं लागतं. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं रुग्णालय आहे आणि दिव्यांग मुलांसाठी महापालिकेचंच ईटीसी केंद्र आहे. खारघरला एनआयईपीआयडी या केंद्र सरकारच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. बौद्धिक अक्षमता आणि विकासातली दिरंगाई हा तिचा मुख्य विषय. स्वयंसेवी क्षेत्रात ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी, १९९० पासूनची संस्था आहे.

एलडीसाठी मात्र बरेच पालक आजही मुंबई गाठतात: शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सायन हॉस्पिटल, किंवा नायर. ठाण्याहून स्लो लोकलने थेट सायनला उतरता येतं. वाशी-नेरूळहून हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलावी लागते. एका चकरेत काम होत नाही. पहिल्या दिवशी केसपेपर आणि तारीख, मग वेगवेगळ्या विभागांच्या तारखा, असं चालतं. म्हणून पहिल्या खेपेला मुलाची शाळा बुडवायची गरज आहे का, ते आधी विचारून घ्या.

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबद्दल शाळेत चौकशी करा. २०१३ पासून चालणारा हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, आणि गरज असलेल्या मुलाला पुढच्या केंद्रात मोफत पाठवतं.

आता एक असा घोळ, ज्यात नवी मुंबईकर हमखास अडकतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सगळं रायगड जिल्ह्यात. रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज पत्त्याच्या पुराव्यावरच्या जिल्ह्याप्रमाणे जातो. म्हणून खारघरचा पत्ता टाकून ठाण्याचं रुग्णालय निवडायला गेलात तर अर्ज अडकू शकतो. तसंच दिव्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या आधारवर गावचा, साताऱ्याचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या. या एका दुरुस्तीने दोन-तीन महिने वाचतात.

६. फाईल तयार करा

एक प्लास्टिकची फाईल घ्या. मूळ कागद घरी ठेवा, फाईलमध्ये प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स ठेवा.

- मुलाचं आणि पालकांचं आधार कार्ड, रेशन कार्ड किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा
- जन्मदाखला, पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड; बाळ काचेच्या पेटीत होतं का, कावीळ झाली होती का, उशिरा रडलं का
- लसीकरणाचं कार्ड
- मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं
- यंदाच्या आणि मागच्या वर्षीच्या वह्या. भाषा, गणित आणि एक निबंधाची
- शाळेचं लेटरहेडवरचं पत्र, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं
- कान-डोळ्यांचे ताजे रिपोर्ट, चष्मा असेल तर चष्मा
- आधीच्या सगळ्या चाचण्यांचे आणि थेरपीचे कागद
- चालू औषधांची चिठ्ठी, डोससह

शाळेचं पत्र बहुतेक वेळा 'विद्यार्थी अभ्यासात कच्चा आहे' एवढंच येतं. शिक्षकांना वेळ नसतो, म्हणून प्रश्न तुम्हीच लिहून द्या: वर्गातलं लिहून पूर्ण होतं का, तोंडी उत्तर येतं का, मोठ्याने वाचताना काय होतं, मधल्या सुटीत कुणाबरोबर असतो. वागणुकीच्या चाचण्यांत शिक्षकांना भरायची प्रश्नावली असते. जून-जुलैमध्ये नव्या बाईंनी मुलाला ओळखलेलंही नसतं, त्यामुळे ती कामाला येत नाही. पहिलं सत्र पूर्ण झाल्यावर, दिवाळीच्या आसपास भरलेली प्रश्नावली विश्वासाची.

जुना रिपोर्ट लपवू नका. काही पालकांना वाटतं की नव्या तज्ज्ञाने 'कोरं' बघावं. पण तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेतली तर सरावाने गुण फुगतात, आणि निकाल दोन्हीकडचा बिघडतो.

७. चाचणीचे दिवस

मुलाला आदल्या रात्री सांगा, खरं सांगा. "उद्या एक ताई तुला कोडी घालणार आहेत. काही सोपी असतील, काही खूप अवघड. सगळी कुणालाच येत नाहीत." डॉक्टर तुझा मेंदू तपासणार, असं नाही. शहाण्यासारखा वाग नाहीतर बघ, असंही नाही.

सकाळची वेळ मागा. बदलापूरहून उभ्याने लोकलमधून आलेलं मूल दमलेलं असतं. अर्धा तास आधी पोचा, पोहे-उपमा काहीतरी पोटभर खाऊ घाला, पाण्याची बाटली आणि डबा सोबत ठेवा. ताप, सर्दी, अपुरी झोप असेल तर तारीख बदला. परीक्षेचा आठवडा टाळा. चालू औषध स्वतःहून बंद करू नका. घेऊन यायचं की न घेता, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारा आणि जे केलं ते चाचणी घेणाऱ्यांना सांगा.

आत काय होतं, ते माहीत असलं की बाहेर बसणं सोपं जातं. आधी पालकांची मुलाखत असते, तास-दीड तासाची. मग मूल एकटं आत जातं. समजा लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची पाळी आहे. समोर चित्र ठेवलंय, तसाच नमुना जुळवायचा. मुलगी चार ठोकळे पटकन लावते. नऊ ठोकळ्यांना ती थांबते, एक ठोकळा उचलते, फिरवते, परत ठेवते, पुन्हा तोच उचलते. परीक्षक "डावीकडचा बघ" असं म्हणत नाहीत, मानही हलवत नाहीत. घड्याळाकडे बघून आकडा लिहितात आणि तिने कुठून सुरुवात केली तेही लिहितात. मदत न करणं हा त्या चाचणीचा नियमच आहे. मुलं बाहेर येऊन म्हणतात, "मॅडमनी काहीच सांगितलं नाही." त्यांना हे आधी सांगून ठेवा.

महाराष्ट्रात बुद्ध्यांकासाठी बहुधा बिनेट-कामत, मिसिक किंवा विस्क वापरतात. मिसिक नागपूरला डॉ. मलिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केली, साधारण सहा ते पंधरा वर्षांसाठी. तिची मानकं जुनी, १९६९ची आहेत, म्हणून तिच्या आकड्याकडे थोडं जपून बघावं लागतं. सामाजिक परिपक्वतेसाठी व्हीएसएमएस असते, तिच्यात प्रश्न तुम्हाला विचारतात: स्वतः जेवतो का, रस्ता ओलांडतो का, सुटे पैसे मोजतो का. उत्तरं आहेत तशीच द्या. "हो, करतो की" असं कौतुकाने सांगितलं आणि प्रत्यक्षात आजी भरवत असेल, तर नुकसान मुलाचंच. ऑटिझमसाठी प्रमाणपत्राच्या कामी आयएसएए ही मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, ४० ते २०० गुण, ७० च्या खाली ऑटिझम नाही, आणि १५३ च्या वर तीव्र.

घरी सराव करून घेऊ नका. इंटरनेटवर चाचण्यांचे प्रश्न फिरत असतात. पाठ करून गेलेल्या मुलाचा आयक्यू वर जातो, वाचनाची अडचण तेवढीच राहते, आणि निदानाचं गणित कोलमडतं.

८. रिपोर्ट वाचायला शिका

शेवटच्या पानावरून सुरुवात करू नका. आधी नाव, जन्मतारीख, इयत्ता, चाचणीची तारीख बरोबर आहे का ते पाहा. जन्मतारीख चुकली तर वय चुकतं आणि सगळे गुण चुकतात. ही चूक खरोखर होते.

आकड्यांचा अर्थ असा. विस्कसारख्या चाचणीत सरासरी १०० धरलेली असते. ८५ ते ११५ मध्ये सुमारे ६८ टक्के मुलं येतात. उपचाचण्यांची सरासरी १० असते, त्यामुळे ९ गुण बघून घाबरू नका. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. २५ पर्सेंटाइल म्हणजे त्या वयाच्या शंभरांतली पंचवीस मुलं याच्या मागे आहेत. आपल्याला पस्तीस टक्क्यांना पास व्हायची सवय असल्यामुळे तो आकडा नापास वाटतो. तो सरासरीतलाच असतो.

एकूण आयक्यूपेक्षा चढ-उतार बघा. बोलून उत्तरं द्यायच्या भागात ११०, हाताने करायच्या भागात ७६, आणि एकूण ९२ छापलेलं: असा रिपोर्ट असेल तर ९२ हा आकडा मुलाबद्दल काहीच सांगत नाही. तोंडी हुशार असलेलं हे मूल लिहिताना, आकृत्या काढताना, फळ्यावरून उतरवताना अडकणार. तज्ज्ञांना विचारा, "हे दोन आकडे इतके लांब का?" चांगल्या रिपोर्टमध्ये हे आधीच लिहिलेलं असतं.

आता सर्वांत अवघड जागा. आयक्यू ७० ते ८४ च्या दरम्यान आला तर मूल दोन दारांच्या मध्ये उभं राहतं. २०१८च्या सूचनांप्रमाणे एलडीच्या पुढच्या चाचण्यांसाठी आयक्यू ८५ च्या वर लागत असे, आणि बौद्धिक अक्षमतेसाठी तो पुरेसा कमी नसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत 'स्लो लर्नर' नाही. एडीएचडीचंही स्वतंत्र नाव नाही. एलडी, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता आहेत. अशा मुलाच्या पालकांना "काही नाही, सगळं ठीक आहे" असं सांगून परत पाठवलं जातं, आणि हे फार वाईट आहे, कारण वर्गात सर्वांत जास्त घुसमट याच मुलांची होते. या मुलांसाठी प्रमाणपत्राच्या मागे न धावता शाळेशी लेखी बोला: कमी प्रश्नांचा गृहपाठ, तोंडी परीक्षेला जास्त वजन, छोटी घटक चाचणी, विषय पुन्हा शिकवणं. आणि आकडा ८३-८४ असेल, भाषेची अडचण किंवा आजारपण असेल, तर वर्षभराने वेगळी चाचणी घ्यायची का ते विचारा.

शिफारशींचं पान सर्वांत महत्त्वाचं. "रेमेडिअल टीचिंग सुचवले आहे" एवढ्या ओळीवर थांबू नका. आठवड्यातून किती तास, कोणत्या कौशल्यावर, किती महिने, आणि प्रगती कशी मोजायची, हे लिहून मागा.

९. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. दोन्हींसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, रुग्णालय निवडायचं, आणि आलेल्या पावतीची प्रिंट काढायची. नोंदणी क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग ठरलेल्या दिवशी रुग्णालयात जायचं. दिव्यांग मंडळ रोज बसत नाही, वार विचारून घ्या. खासगी रिपोर्ट सोबत न्या, पण तिथे पुन्हा चाचणी होऊ शकते याची तयारी ठेवा.

नावाचं स्पेलिंग आधार, शाळेचा दाखला आणि अर्ज या तिन्हींवर एकच हवं. आधारवर बाबांचं नाव मध्ये आणि दाखल्यावर फक्त आडनाव, एवढ्यावरूनही अर्ज परत येतात.

एलडीचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की कायमचं, असं नाही. २०१८च्या सूचनांत १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होती; आताचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. अठराव्या वर्षी मिळालेलं मात्र आयुष्यभर चालत असे. बरोबर चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी. तेव्हाच नूतनीकरण केलं तर दहावीला धावपळ होत नाही. लहान वयात मिळालेलं इतर प्रकारांचं प्रमाणपत्रही बरेचदा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत वाचा.

ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. एलडीला ही योजना लागू नाही.

१०. शाळा आणि बोर्डाच्या सवलती

पूर्ण रिपोर्ट शाळेला देऊ नका. त्यात घरातल्या गोष्टी, आईच्या गरोदरपणातल्या गोष्टी असतात, त्या स्टाफरूममध्ये जायला नकोत. निदान आणि शिफारशी असलेलं एक पानी पत्र द्या आणि पोच घ्या. शाळेने टाळाटाळ केली तर २०१६च्या कायद्याचं कलम १६ लेखी दाखवा. मान्यताप्राप्त शाळांनी अध्ययन अक्षमता लवकर ओळखून योग्य ती पावलं उचलावीत, असं त्यात स्पष्ट आहे. भांडायला न जाता, वर्गशिक्षकांपासून सुरुवात करून वर जा; वर्षभर मूल त्यांच्यासमोर बसणार आहे.

राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, विषयातली सूट अशा सवलती असतात. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून नववीच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना भेटा. सीबीएसई आणि आयसीएसईचे नियम वेगळे आहेत, शेजारच्या मुलाचं बघून गृहीत धरू नका.

सगळ्या सवलती एकदम घ्यायचा मोह होतो. जादा वेळ आधी घ्या, तो जवळजवळ प्रत्येकाला उपयोगी पडतो. विषयातून सूट सर्वांत शेवटी, कारण दहावीला सोडलेलं गणित पुढे कोणते रस्ते बंद करतं, ते बघून मगच ठरवावं. आणि लेखनिक घ्यायचा असेल तर आठवीपासून सराव हवा. डोक्यातलं वाक्य बनवून, विरामचिन्हांसह, दुसऱ्याला लिहिता येईल अशा वेगाने सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. ज्याने कधी सांगून लिहवलेलं नाही, त्याची पहिल्या पेपरला लेखनिकासमोर वाचाच बसते. लेखनिक साधारणपणे खालच्या इयत्तेतला असतो. त्याला विषयातले शब्द माहीत नसतात, हेही सरावात धरा.

११. मुलाला काय सांगायचं

हे पुढे ढकलू नका. मुलाने तुमचं फोनवरचं बोलणं ऐकलेलं असतं आणि स्वतःच्या मनाने त्याचा अर्थ लावलेला असतो; बहुधा "मी ढ आहे" असाच. रिपोर्ट समजून घेतल्यावर दोन-तीन दिवसांत, शांत वेळी, त्याच्या शब्दांत सांगा. "तुला गोष्टी ऐकून पटकन कळतात, ठोकळे तर त्या ताईंनी बघत राहावं इतके भराभर लावलेस. वाचताना मात्र अक्षरं जुळवायला तुला जास्त वेळ लागतो. त्याला एक नाव आहे. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तू स्मिता ताईकडे जाशील, आणि परीक्षेत तुला जादा वेळ मिळेल." ताईचं नाव तुमच्या शिक्षिकेचं घाला. आधी जमणारी गोष्ट, मग अडणारी, मग मदत, असा क्रम ठेवा. भावंडांनाही तेच शब्द सांगा, म्हणजे जादा वेळेवरून घरात टोमणे होणार नाहीत. मूल त्या रात्री काहीच बोललं नाही तरी चालेल. प्रश्न दोन-चार दिवसांनी येतात, बहुतेक वेळा अंथरुणात दिवा मालवल्यावर.